फिर्याद आणि गाऱ्हाणे

तक्रारीसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत, आणि त्या दोहोंमध्ये जे अंतर आहे तेच या लेखाचा विषय होय. फिर्याद हा कचेरीतला शब्द. ती परक्याविरुद्ध, तिऱ्हाइतापुढे, साक्षीपुराव्यासह दाखल करावयाची असते, आणि निकाल आपल्या बाजूने लागो की विरुद्ध लागो, तो लागला म्हणजे वादी आणि प्रतिवादी आपापल्या वाटेने निघून जातात. गाऱ्हाणे हे घरातले आणि देवळातले. कोकणात ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून घालतात तेही गाऱ्हाणे, आणि सणाला माहेरी आलेली लेक आईजवळ बसून ज्याला वाट करून देते तेही गाऱ्हाणेच. ज्याच्यावर आपला हक्क आहे, ज्याने आपले ऐकलेच पाहिजे अशी मनोमन खात्री आहे, त्याच्यापुढेच ते घालता येते, आणि ते घालून झाल्यावरही संबंध तुटत नाही, हाच त्याचा विशेष. लोकगीतांतील बंड आणि भ्रमनिरास यांविषयी आपल्याकडे गेल्या सव्वाशे वर्षांत जे संकलन आणि विवेचन झाले ते वाचताना मला वारंवार असे जाणवले, की बंड शोधणारे अभ्यासक बहुधा फिर्याद शोधीत राहिले. ती सापडली नाही की लोकगीत सोशिक आहे असा निर्णय त्यांनी दिला, आणि सापडली की ते क्रांतिकारक आहे असा. वस्तुतः मराठी लोकगीत अत्यंत धारदार होते ते शत्रूला उद्देशून नव्हे, तर ज्याच्यावर भरवसा टाकला त्या आपल्याच माणसाला, आपल्याच देवाला, आपल्याच पुढाऱ्याला उद्देशून. आणि म्हणून त्यातील बंड व भ्रमनिरास या एकामागून एक येणाऱ्या दोन अवस्था नसून एकाच श्वासात उच्चारलेल्या दोन गोष्टी आहेत.

हा विचार मनात घोळू लागला तो मरोळमुळे. साष्टी बेटावर वसलेल्या या गावाचे गावपण आज शोधूनच काढावे लागते. तरीही मरोळ नाक्यावर उभे राहिले तर मराठी लोकगीताच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा चार कोसांच्या परिघात आपल्याभोवती पसरलेला आहे, हे ध्यानात येते. २०१४ साली सुरू झालेली मेट्रो येथून साकीनाका, असल्फा, जागृतीनगर अशी स्थानके घेत घाटकोपरला जाते, जेथे चिरागनगरच्या झोपडीत अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आणि जेथे महामार्गालगतच्या रमाबाई आंबेडकर नगरात १९९७ च्या जुलैत गोळीबार झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली दुसरी, भुयारी वाट येथूनच उत्तरेस सीप्झ आणि आरेकडे जाते, आणि आरेच्या रानात वारल्यांचे पाडे आहेत. मरोळच्या नावाशी जोडून ज्याचा उच्चार होतो ते मरोशी हे त्यांतल्याच एका पाड्याचे नाव. आणि या दोन वाटांच्या मध्ये, इमारतींच्या बेचक्यात, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे जुने गावठाण अद्याप तग धरून आहे.

या समाजाचा वृत्तांत थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण फिर्याद आणि गाऱ्हाणे यांतील भेद त्यात स्वच्छ दिसतो. पोर्तुगीजांनी १५३४ नंतर साष्टीत अंमल बसविला. मरोळजवळच्या कोंडिवट्यास १५७९ साली संत जॉनचे देऊळ उभे राहिले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली, आणि १८४० च्या सुमारास साथीमुळे कोंडिवट्याची वस्ती उठून देवळासह मरोळला आली. जुन्या देवळाचे भग्न अवशेष पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात-उद्योगवसाहतीच्या कुंपणाआड गेले. इतके धनी बदलले, तरी घरातली बोली मराठीच राहिली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या मंडळींनी गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्त्यांहून आपण निराळे आहोत, मूळचे येथलेच आहोत, हे सरकारदरबारी ठसविण्यासाठी आपली सभा स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. ही झाली कागदावरची कैफियत, आणि ती इंग्रजीत होती. परंतु लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणावयास वाजतगाजत निघालेल्या बाया जे गातात, व्याह्यांना जे टोमणे मारतात आणि निघून जाणाऱ्या मुलीसाठी जो सूर लावतात, तो सगळा व्यवहार मराठी बोलीतला आहे, आणि त्याचा श्रोता सरकार नव्हे. एकाच समाजाच्या दोन तक्रारी दोन निरनिराळ्या भाषांत झाल्या. पहिलीची नोंद दप्तरात राहिली, दुसरीची नोंद ठेवण्याचे काम दप्तराचे नव्हतेच.

नोंद कोणी ठेवली आणि काय ऐकून ठेवली, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ साली हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी प्रसिद्ध केला. ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्यास त्यांनी उभारलेले रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. गोंधळ्यांच्या तोंडून नाहीशी होत चाललेली ही कवने कागदावर उतरवून घेण्यात या दोघांनी घेतलेले कष्ट अपार होते, आणि त्यांच्याविषयी मला कृतज्ञताच वाटते. मात्र त्यांचे कान वीरश्रीकडे लागलेले होते. पुढे साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या प्रेमाने वेचल्या, परंतु त्यांच्या कोमल मनाने ओवीतले वात्सल्य जितके टिपले तितका तिच्यातला दंश टिपला नाही. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खंडामागून खंड काढले. बाईच्या गाण्यातला प्रतिकार हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला तो मुख्यतः तारा भवाळकरांनी, आणि ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांचा पक्ष सांगून टाकते.

याच सुमारास फ्रान्समधून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी पॉइतवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम हाती घेतले, त्याला मराठीतच काय, अन्यत्रही तुलना सापडणे कठीण. एक हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. आणि त्यांचे वर्गीकरण राजा-राणी, सण-वार असे न करता बाईच्या जन्मापासून तिच्या संसारापर्यंत, सासुरवासापासून तिच्या मैत्रिणीपर्यंत, तिच्या रामायणापासून तिच्या आंबेडकरांपर्यंत असे केलेले. हा साठा डोळ्यांखालून घालणाऱ्याच्या पहिल्याप्रथम लक्षात येते ते हे, की ओवी जवळजवळ नेहमी कोणालातरी हाक मारून सुरू होते. कधी आईला, कधी भावाला, कधी शेजारणीला, कधी प्रत्यक्ष जात्याला, आणि जात्याला तर देव समजून. ज्या भावाच्या कौतुकाने दहा ओव्या गाइल्या, त्याच भावाने भावजयीच्या धाकाने पाठ फिरविली हे अकराव्या ओवीत येते. ज्या बापाच्या घराचे वैभव वर्णिले, त्यानेच मुलगी म्हणजे परक्याचे धन असे ठरवून तिला उजविली, हेही त्याच सुरात येते. रामाची भक्ती ओतप्रोत आहे, आणि तरी सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत त्याच रामाला जाब विचारला जातो, तोही एखाद्या पाखंड्याने विचारावा तसा नव्हे, तर थोरल्या दिराला घरच्या सुनेने पदर सावरून विचारावा तसा. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर ओव्या गाइल्या त्यांतही ते घटनेचे शिल्पकार म्हणून जितके येतात त्याहून अधिक भाऊ, बाप, गुरू म्हणून येतात. नाते जोडल्याशिवाय ओवीला बोलताच येत नाही, आणि नाते जोडले की जाब विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

भोंडल्याच्या गाण्यांत याच गोष्टीचे दुसरे, खेळकर रूप आहे. माहेरी जाण्याची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू सासऱ्याकडे, सासरा दिराकडे, दीर नणंदेकडे असे धाडत राहतो, हे वर्णन ज्याने सरकारी कचेरीत एखादा अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाताना पाहिला आहे त्याला निराळे समजावून सांगावयास नको. घराचेही एक दप्तर होते, आणि त्या दप्तराचा कारभार मुलींना वयाच्या आठव्या वर्षी फेर धरता धरता कळत होता.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ साली आफ्रिकेतील विधींवर दिलेल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की ज्या विधींत प्रजा राजाची निंदा करते किंवा बाया पुरुषांचा अधिकार उपहासाने झुगारतात ते विधी वस्तुतः व्यवस्थेला बळकटीच आणतात. वर्षातून एक दिवस बंडाला मुभा दिली की उरलेले दिवस शांततेत जातात. आपल्याकडे शिमग्याच्या शिव्यांना आणि विहिणीवरच्या गाण्यांना हे विवेचन बऱ्याच अंशी लागू पडते, हे मान्य केले पाहिजे. लग्नाच्या मांडवात वराच्या आईची यथेच्छ टर उडविणारी मंडळी दुसऱ्या दिवशी त्याच घरी मुलीला मुकाट्याने पाठवितात. परंतु जात्यावरच्या ओवीला हा नियम लावता येत नाही. तिला कोणी मुभा दिलेली नव्हती, तिचा दिवस पंचांगात नव्हता, तिला प्रेक्षक नव्हते. पहाटेच्या काळोखात, घर निजलेले असताना, हाताला कष्ट आणि मुखी गाणे, असा तो एकांताचा व्यवहार. फार तर समोर खुंट्याला धरून बसलेली जाऊ किंवा शेजारीण. तो रोजचा होता, आणि जे रोज करावयाचे त्याने एक दिवसाची वाफ कशी दवडली जाणार? ग्लकमनचे माप घेऊन मराठी लोकगीत मोजणाऱ्यांनी सण आणि रोज यांतला हा भेद पुरेसा ध्यानात घेतलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विवाहगीताचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो सोडविण्यासाठी मरोळहून उत्तरेकडे, आरेतल्या आणि त्याहीपलीकडे डहाणू-तलासरीच्या वारली मुलखाकडे वळावे लागते. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक जाणती बाई. ती गाते आणि तिच्या गाण्यानेच विधी सिद्ध होतात. आगरी-कोळ्यांच्या धवळारणीशी आणि तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांशी हा शब्द जोडलेला आहे, तेव्हा मराठीतील बाईच्या वाणीचा हा अत्यंत प्राचीन झरा होय, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. पण ज्या मुलखात धवलेरीचा हा मान होता त्याच मुलखात ‘लग्नगडी’ नावाची एक रीत होती. लग्नाच्या खर्चासाठी सावकार-जमीनदाराकडून वारल्याने कर्ज काढावयाचे, आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायकोने त्याच्या घरी राबावयाचे. आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला १९३९ साली सादर केलेल्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील या गुलामगिरीची नोंद आहे. म्हणजे जे मंगल गाणे दोन जिवांना एकत्र आणीत होते त्याच्याच खर्चाने त्या जिवांच्या पायांत बेडी पडत होती. गाणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हते असे मानणे हा तिचा अपमान ठरेल. आणि ठाऊक असूनही ती गात होती, कारण ते गाणे सावकाराचे नव्हते, तिच्या देवांचे आणि तिच्या माणसांचे होते.

१९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची सभा भरली, आणि वेठ करावयाची नाही, रोकड मजुरीशिवाय परक्याच्या शेतावर पाऊल टाकावयाचे नाही, असा ठराव झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार पडले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सगळा इतिहास सांगितला आहे, आणि मराठी गद्यात त्या पुस्तकाची बरोबरी करणारी पुस्तके थोडी आहेत. त्यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की लग्नगड्यांची मुक्तता ही त्या लढ्याची आरंभीचीच मागणी होती. बंडाने पहिला घाव घातला तो बरोबर त्या ठिकाणी, जेथे गाणे आणि कर्ज एकमेकांना चिकटलेले होते.

आता पुरुषांच्या गाण्याकडे, अर्थात शाहिरीकडे, वळतो. पोवाडा आणि लावणी यांना निखळ लोकगीत म्हणावे की नाही हा पंडितांचा जुना वाद आहे. कर्त्याचे नाव शेवटी गुंफलेले असते म्हणून ती व्यक्तीची रचना, असे एक पक्ष म्हणतो. मला या वादात फारसे स्वारस्य नाही. जे गाणे गावोगावच्या फडांनी उचलले, पाठ केले आणि आपल्या सोयीने बदलले ते लोकांचे झाले. शाहीर हा मूळचा आश्रिताचा पेशा, आणि म्हणून त्याचा भ्रमनिरास हा धन्याच्या ऱ्हासाशी बांधलेला. शाहीर प्रभाकराचेच उदाहरण पाहावे. सवाई माधवरावाच्या रंगाचा थाट ज्याने डोळे दिपतील असा वर्णिला, त्यालाच पुढे पेशवाईच्या अखेरचे रडगाणे गावे लागले. १८१७ च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले तेव्हा सरदार गेले, शिपाई गेले, आणि शाहिराचा श्रोताही गेला. त्या विलापात इंग्रजांवर राग आहे, पण त्याहून मोठी व्यथा आपल्याच धन्याच्या नादानपणाची आहे. पुन्हा तेच, परक्याहून आपल्यावर अधिक रोष.

जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून या पेशाचा धनीच बदलून टाकला. राजा कुणब्यांचा झाला आणि शाहीर रयतेचा. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला, त्यातून जलसे निघाले, आणि त्याच वाटेने पुढे नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांच्या पुढारपणाखाली आंबेडकरी जलसा उभा राहिला. तमाशाचा साचा तोच, ढोलकी-तुणतुणे तेच, पण गौळणींची थट्टा वगळून तेथे विषमतेवर सवाल-जवाब आले. ही मात्र उघड फिर्याद होती, आणि तिला कचेरी होती ती भर चौकात जमलेल्या माणसांची.

मराठीत ‘गिरणी’ हा शब्द दोन गोष्टींना लावतात, आणि लोकगीताच्या इतिहासात या दोन्ही गिरण्यांचा वाटा मोठा आहे. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते कोनाड्यात गेले. बाईची पहाट मोकळी झाली खरी, पण तिचे गाणे मुके झाले. कापडाची गिरणी मुंबईत उभी राहिली आणि घाटावरचा, कोकणातला पुरुष चाळीत येऊन पडला. तेथे, परळ-लालबागच्या मैदानात, त्याच्या कंठाला वाचा फुटली. एका गिरणीने जे गाणे मिटविले तेच जणू दुसऱ्या गिरणीच्या भोंग्याखाली निराळ्या आवाजात पुन्हा उठले. गावी राहिलेल्या बायकोच्या ओवीत मुंबई ही सवत म्हणून येते, धन्याला गिळणारी नगरी म्हणून येते, आणि मनीऑर्डरची वाट पाहता पाहता तिच्या वैभवाविषयीचा मोह गळून पडतो. शहरातल्या पुरुषाच्या गाण्यातही पुढे हेच घडले.

ते घडले अण्णा भाऊंच्या हातून. वाटेगावचा हा मुलगा बापाच्या मागोमाग पायी चालत मुंबईस आला, पडेल ते काम केले, तमाशाच्या फडात वाढला, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि लढ्यात पडलेल्यांना वंदन आले. स्टालिनग्राडचा पोवाडा मुंबईच्या कामगाराने पाठ केला, आणि ज्या गावाचे नाव त्याला उच्चारता येत नव्हते त्या गावासाठी त्याचे डोळे भरून आले. पुढे मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. येथवरचा सगळा इतिहास फिर्यादीचा आहे. शत्रू स्पष्ट, मागणी स्पष्ट, आवाज खडा.

परंतु अण्णा भाऊंची जी रचना महाराष्ट्राच्या अंतःकरणात कायमची रुतली ती ‘माझी मैना’ या नावाने सर्वतोमुखी झालेली छक्कड होय, आणि तिचे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. ती आरंभी एका साध्या माणसाचे विरहगीत आहे. पोटासाठी तो शहरात आला, आणि बायको गावी राहिली. तिचे रूप, तिचा शालीनपणा, निरोपाच्या वेळची तिची मुद्रा, हे सारे जुन्या लावणीच्या चालीने येते. मग त्या माणसाची नजर मुंबईवर पडते, तिथल्या माड्या आणि तिथली उपासमार, धनवंत आणि धंदेवाले यांवर पडते, आणि शहराविषयीचा त्याचा भ्रम ओळीओळीने उतरत जातो. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो. आणि अखेरीस, जी बायको गावी राहिली तिच्या जागी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे राज्याबाहेर ठेवलेले मुलूख येऊन उभे राहतात. श्रोत्याला क्षणभर कळत नाही की आपण कोणासाठी व्याकुळ झालो, बायकोसाठी की जमिनीसाठी. आणि या न कळण्यातच गाण्याचे सर्व रहस्य आहे. राजकीय मागणी येथे निवेदनाच्या भाषेत न येता घरातल्या माणसाच्या ताटातुटीच्या भाषेत आली आहे. फिर्याद गाऱ्हाण्यात विरघळली, आणि म्हणून ती बाईच्याही तोंडी बसली. १ मे १९६० ला राज्य झाले, मुंबई मिळाली. बेळगाव-कारवार राहिले ते राहिलेच, डांग आणि वारल्यांच्या बंडाचे माहेर असलेले उंबरगाव गुजरातेत गेले. छक्कडीतले दुःख त्यामुळे शिळे झाले नाही. सीमाभागातल्या सभेत ती आजही गाइली जाते. चिरागनगरच्या झोपडीत ‘फकिरा’ लिहिणाऱ्या या लेखकाचा अंत १९६९ साली झाला तेव्हा त्याचे वय पन्नाशीलाही पोहोचलेले नव्हते, आणि ज्या राज्यासाठी त्याने कंठ फोडला त्या राज्यात त्याची शेवटची वर्षे विपन्नावस्थेत गेली. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती प्रत्येक मराठी माणसाला वाटावी असे वाटते.

वामनदादा कर्डकांच्या बाबतीत भ्रमनिरासाचा विषय याहून जवळचा, आणि म्हणून याहून कठीण. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीस जन्मलेल्या या गायकाने बाबासाहेबांच्या विचाराचे गाणे वाडीवस्तीवर नेले. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. पुढील वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि अल्पावधीतच त्याचे तुकडे पडू लागले. तेव्हा वामनदादांनी ज्यांना धारेवर धरले ते सवर्ण किंवा सरकार यांपेक्षा आपलेच पुढारी, आपलेच शिकलेले, आपलेच विसरलेले लोक होते. ही गाणी अनुयायांनी पाठ केली, पुढाऱ्यांनीही व्यासपीठावर बसून ऐकली. असा सल सांगण्याचा अधिकार वामनदादांना होता, कारण ते बाहेरून बोलत नव्हते.

ज्याला हा अधिकार असूनही ऐकणारे उरले नाहीत, अशा एका शाहिराची हकिगत मुलुंडची आहे. विलास घोगरे हे आव्हान नाट्यमंचाचे गायक. आनंद पटवर्धन यांच्या मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरील १९८५ च्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे, आणि ज्याने ते एकदा ऐकले त्याला तो आवाज विसरता येत नाही. ज्या डाव्या चळवळीसाठी ते गायले तिच्यापासून पुढे ते दुरावले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी घोगरे यांनी आपल्या झोपडीत जीवन संपविले. त्या वेळी त्यांनी डोक्याला निळा पट्टा बांधलेला होता. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसाने अखेरच्या क्षणी निळा रंग का निवडला, या प्रश्नाच्या मागे लागून पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रण केले आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. या घटनेचा अर्थ लावताना मी फार सावध राहू इच्छितो, कारण एका माणसाच्या मरणाला सिद्धांताचे उदाहरण करणे योग्य नव्हे. एवढेच म्हणतो, की गाऱ्हाणे घालण्यासाठी कोणीतरी आपले असावे लागते.

त्यानंतरच्या काळात गाणाऱ्याविरुद्धच फिर्याद होऊ लागली. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ या चित्रपटात एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला. त्यातील गाणी संभाजी भगत यांची आहेत. मुंबईच्या खालच्या न्यायालयातला तो रुक्ष, लांबत जाणारा व्यवहार पाहताना जाणवते, की कचेरीच्या भाषेत गाण्याला प्रवेशच नाही. तेथे त्याचे गद्यात रूपांतर होते, आणि मग ते पुरावा म्हणून वाचले जाते.

आरेच्या बाबतीत मला जे दिसले ते याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. १९४९ साली सरकारने येथे दुग्धवसाहत केली, तेव्हापासून पाड्यांच्या जमिनीवर एकामागून एक प्रकल्प येत गेले. मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूर पाड्याची घरे उठली आणि ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडे तोडण्यास आरंभ झाला. दोन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाची मनाई आली तोवर जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. त्या आंदोलनात शहरातील तरुणांनी घोषणा दिल्या, नवी गाणी रचली. पाड्यातल्या लोकांनीही आपल्या बोलीतील गाणी म्हटली. दोहोंची जात निराळी होती. तरुणांची गाणी सरकारला उद्देशून होती, आणि त्यांत काही वावगे नव्हते. पाड्याची गाणी रानाला, वाघ्या देवाला, झाडाला उद्देशून होती. जणू जे चालले आहे त्याची खबर आधी त्यांना दिली पाहिजे, अशी.

पाड्यांतून उठून इमारतींत गेलेल्या घरांत लग्ने लागतात तेव्हा काय गाइले जाते, धवलेरी कोठून येते, चौक हे लग्नाचे चित्र लिहावयास भिंत कोणती मिळते, हे टिपून ठेवण्याचे काम कोणीतरी आता हाती घेतले पाहिजे. ॲकवर्थ-शाळिग्रामांनी गोंधळ्यांना गाठले, पॉइतवाँ-राईरकरांनी जात्यापाशी बैठक मारली. आज मुंबईच्या उपनगरांत असे बसण्याच्या जागा सोसायटीच्या सभागृहात, पुनर्वसनाच्या इमारतीच्या जिन्यात आणि गावठाणाच्या अरुंद गल्लीत आहेत. विशेषतः ईस्ट इंडियन बायांच्या गाण्यांचे काम त्वरेने झाले पाहिजे, कारण ती बोली घरात बोलणाऱ्यांच्या डोक्यांवर आता पांढरे केस आहेत.

काही वर्षांपूर्वी मी मरोळच्या गावठाणात एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गेलो होतो. बँड पुढे, बाया मागे, अशी मिरवणूक पाणी आणावयास निघाली. ज्या विहिरीवर ती पूर्वी जात असे ती केव्हाच बुजवून वरती लादी घातलेली होती, आणि पाण्याची घागर एका घराच्या नळावर आधीच भरून ठेवली होती. तरी मिरवणूक नळाकडे न वळता लादीपाशी गेली. लुगडे नेसलेली एक वृद्ध बाई पुढे झाली. तिने हाताने बँडला थांबविले, वरून जाणारे विमान दूर होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग लादीवर वाकून, विहिरीला नावाने हाक मारून, गाण्यास आरंभ केला.